खिचडी हलकी होते, पुरणपोळी होत नाही

चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा संपत असेल, तर एक छोटा हिशोब करून बघा. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४,६०० ग्रॅम. त्याला चार माणसांनी आणि तीस दिवसांनी भागलं की माणशी रोज ३८ ग्रॅम येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या दिवसाला २००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे डब्यातल्या तेलातच माणशी ११ ग्रॅम जास्त झालं, आणि त्याच्या रोज शंभर कॅलरी होतात. पोळीवरचं तूप, बाहेर खाल्लेला वडापाव, लग्नातलं जेवण हे सगळं अजून बाजूलाच आहे.

हिशोब तेलापासून सुरू केला त्याला कारण आहे. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून शरीराला साधारण चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातूनही चारच. स्निग्ध पदार्थातून मात्र नऊ मिळतात. तेल शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की ऑलिव्हचं, आकडा तोच राहतो. साजूक तूपही त्याच घरात. ऑलिव्ह तेल आणलं म्हणून भाजी हलकी झाली, असं होत नाही. (पाकिटावर छापतात त्याच कॅलरी मी इथे धरते आहे.)

आपल्या बोलण्यातल्या एका शब्दानेही बराच घोळ होतो. तो शब्द म्हणजे ‘हलकं’. आजाऱ्याला आपण मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो आणि म्हणतो, हलकं खायला दिलं. ते पचायला हलकं असतं हे खरंच. पण त्यावर चमचाभर तूप पडलं की कॅलरी मुळीच कमी नसतात. उलट मटकीची उसळ आपण ‘जड’ म्हणतो, रात्री नको म्हणतो. पण तिच्यात पाणी भरपूर, प्रथिनं भरपूर, चोथा भरपूर, त्यामुळे वाटीभर उसळीने पोट बराच वेळ शांत राहतं. वजन उतरवणाऱ्याला ही जड उसळच जास्त कामाची. या लेखात हलकं म्हणजे पोट तेवढंच भरेल पण कॅलरी कमी जातील असं, एवढाच अर्थ धरा.

आता मुद्दा. पदार्थ हलका करायचा म्हणून सरसकट सगळं निम्मं केलं की तो बेचव होतो, चौथ्या दिवशी घरातले कंटाळतात आणि आठव्या दिवशी डबा पुन्हा पूर्वीसारखा रिकामा व्हायला लागतो. आधी विचारायचं ते हे की या पदार्थात तेल, कूट, खोबरं किंवा साखर नेमकं काम काय करते आहे? काम करणारं ठेवायचं, नुसतं पडून असलेलं काढायचं.

फोडणीचंच बघा. तिथे तेलाची दोन कामं असतात. मोहरी तडतडण्याइतकं तापायचं आणि हिंग, हळद, तिखट, कढीपत्ता यांचा वास आणि रंग स्वतःत उतरवून घ्यायचा. मसाल्यातले बरेच वास आणि मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाहीत, स्निग्धात उतरतात. म्हणून बिनतेलाची फोडणी ही फोडणीच नव्हे. पण या कामाला तेल किती लागतं? मोहरी बुडण्यापुरतं. पसरट कढईत मोहरी बुडवायची तर पळीभर तेल घालावं लागतं, कारण ते चहूकडे पसरतं. तेच आजीच्या वेळच्या छोट्या लोखंडी कढल्यात एका चमच्यात होतं. कढलं जरा तिरकं धरायचं, तेल एका बाजूला साचतं, मोहरी त्यात बुडते, तडतडते, मग हिंग, मग गॅस बंद करून हळद-तिखट. ही फोडणी आमटीवर, उसळीवर, भाजीवर शेवटी ओतायची. चमचाभर तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. मी माझ्या घरची पळी एकदा काट्यावर मोजली, तिच्यात बावीस ग्रॅम तेल मावत होतं. म्हणजे दोनशे कॅलरी. इतकी वर्षं मी तिला ‘एक पळी’ म्हणत होते आणि मनात मात्र चमच्याएवढी धरत होते.

वरून दिलेल्या फोडणीचा दुसरा फायदा जिभेला कळतो. आधी घालून शिजवलेलं तेल भाजीभर विरून जातं. शेवटी घातलेलं तेल वरच राहतं, पहिल्या घासाला तेच जिभेला लागतं. थोडं तेल भरपूर असल्यासारखं वाटतं.

कांदा परतताना तेलाचं काम वेगळं असतं, ते कांद्याला उष्णता सारखी पोचवतं. पण कांद्यात बहुतेक पाणीच असतं. कांदा घातल्या घातल्या चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेवलं तर तो स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. तळाला लागायला लागला की एक चमचा पाण्याचा हबका मारायचा, तळाचं खरपूस सुटून कांद्यालाच रंग येतो. थोडा वेळ जास्त लागतो, ते खरं. वाटणाचा कांदा तर सरळ गॅसवर किंवा निखाऱ्यावर सालासकट भाजावा. खानदेशात आणि घाटावर हे पूर्वापार करतात, आणि त्या भाजलेल्या कांद्याचा धुरकट गोडवा तेलात परतलेल्याला येत नाही.

वांग्याला मात्र वेगळी युक्ती लागते. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, आत हवेच्या असंख्य पोकळ्या. कच्चं वांगं तेलात टाकलं की तेल दिसेनासं होतं आणि आपण आणखी घालत जातो. भरली वांगी करताना ती आधी पाच-सात मिनिटं वाफवून घेतली की या पोकळ्या खाली बसतात, मग तेल प्यायला जागाच उरत नाही.

कुटाचं काय करायचं?

तेल मोजायला लागलेल्या घरांतही एक गोष्ट निसटते, ती म्हणजे दाण्याचं कूट. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. कोशिंबिरीत, वांग्यात, मेथीच्या भाजीत, खिचडीत आपण मूठमूठ कूट घालतो. तीस ग्रॅमच्या मुठीत पंधरा ग्रॅम तेल, एकूण सुमारे एकशे सत्तर कॅलरी. काकडीची कोशिंबीर म्हणजे डाएटचं खाणं असं समजून आपण वाडगाभर घेतो, आणि तिच्यात काकडीपेक्षा कुटाच्या कॅलरी कितीतरी जास्त असतात.

तरी कूट हा शत्रू नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गरिबाच्या ताटातलं ते मोठं बळ आहे. कुटाचं काम कोशिंबिरीत खमंगपणाचं आणि पाणी शोषून घेण्याचं असतं. त्याला एक मोठा चमचा पुरतो, फक्त दाणे नीट खरपूस भाजलेले हवेत आणि कूट जाडसर हवं. बारीक पीठ झालेलं कूट भाजीत हरवतं, जाडसर कूट दाताखाली येतं आणि थोडं असूनही कळतं. रस दाट करायला कूट वापरत असाल तर त्यातलं निम्मं काम पंढरपुरी डाळं करू शकतं. डाळं वाटून घातलं की रस मिळून येतो, आणि त्यात स्निग्ध अगदी थोडं असतं.

खोबऱ्याचंही तसंच. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे कॅलरी, सुक्यात साडेसहाशेच्या वर, कारण सुकताना पाणी उडून गेलं, तेल तिथेच राहिलं. सुकं खोबरं भाजून घातलेल्या वाटणात म्हणूनच थोड्यात भागवता येतं आणि भागवावंही. कोकणात, गोव्यात नारळाच्या रसाचं कालवण करणाऱ्यांना मी एवढंच सुचवेन की आधी काढलेला घट्ट रस बाजूला ठेवा, कालवण दुसऱ्या, पातळ रसात शिजवा, आणि उतरवताना दोन-तीन चमचे घट्ट रस वरून घाला. चवीला तो घट्ट रसच पुढे येतो. फोडणीचं जे तत्त्व तेच इथे.

खिचडी, अगदी जवळून

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण बहुतेक साबुदाण्याच्या खिचडीसमोर बसूनच सुचली असावी. नेहमीच्या एका बशीचा हिशोब मांडते. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, २१० कॅलरी. कूट ३० ग्रॅम, १७०. तूप १५ ग्रॅम, १३५. अर्धा बटाटा, ४० च्या आसपास. बेरीज साडेपाचशेच्या घरात. आणि साबुदाणा हा जवळपास शुद्ध पिष्ट आहे, प्रथिनं नावालाही नाहीत. म्हणून उपवासाला खिचडी खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते. खिचडीत प्रथिनं असतात ती कुटातली, त्यामुळे वजन उतरवायच्या नादात कूट पूर्ण काढून टाकणं हा सगळ्यात उलटा उपाय ठरतो.

तूप कमी केलं की खिचडीचा गोळा होतो, हे सगळ्यांचं दुखणं. तुपाचं इथलं काम ओळखा. दाण्यादाण्यावर पातळ थर देऊन दाणे एकमेकांना चिकटू न देणं, हे ते काम. चिकटतं काय? साबुदाण्यावरची सुटी पिष्टाची भुकटी. ती आधीच धुऊन काढली तर तुपाचं ओझं कमी होतं. पाणी दुधाळ दिसायचं थांबेपर्यंत साबुदाणा तीन-चार वेळा हलक्या हाताने धुवायचा. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास झाकून ठेवायचा. दाणा चिमटीत धरून दाबला तर मधल्या कणीसकट चिरडला पाहिजे. कणी लागली तर दोन चमचे पाण्याचा हबका आणि अजून अर्धा तास. भिजला की परातीत पसरून मोकळा करायचा. आता जाडसर कूट, मीठ आणि किंचित साखर या मोकळ्या साबुदाण्याला कढईत टाकण्याआधीच हाताने चोळून लावायची. कुटातलं स्वतःचं तेल दाण्यांवर बसतं, तुपाचं निम्मं काम तिथेच होतं.

मग कढईत एक लहान चमचा तूप, जिरं, मिरची, साबुदाणा. मध्यम आचेवर उलथण्याने खालून वर हलवायचं, दाणे पारदर्शक व्हायला लागले की थांबायचं. झाकण ठेवून फार वाफ दिली की पुन्हा गोळा. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर, तुमच्याकडे उपवासाला चालत असेल तर.

या पद्धतीने मी माणशी ४० ग्रॅम साबुदाणा, १८ ग्रॅम कूट आणि ५ ग्रॅम तूप घेते. बटाटा घालत नाही, पिष्टात पिष्ट कशाला. याच्या होतात साधारण २९०. बशी थोडी लहान दिसते, म्हणून शेजारी काकडी आणि दह्याची वाटी. दह्याची प्रथिनं आणि काकडीचं पाणी यांनी पोट भरतं आणि सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास राहतं. दोनशे कॅलरी वाचल्या, आणि खिचडी खिचडीच राहिली. ज्यांना पोटभर हवं असेल त्यांनी भगर करावी. कोरड्या वजनाला भगर आणि साबुदाण्यात कॅलरींचा फार फरक नाही, पण भगर भरपूर पाण्यात शिजते, त्यामुळे तेवढ्याच कॅलरींत वाटी मोठी मिळते.

पाण्याचं हे तत्त्व इतरत्रही चालतं. पातळ पिठलं आणि कोरडा झुणका, बेसन तेच. पण झुणका मोकळा व्हायला तेल मागतो, पिठल्याला पाण्यात शिजायचं असतं, त्याला चमचाभर फोडणी पुरते. वाटीभर पिठल्यात जेमतेम पंचवीस ग्रॅम बेसन असतं. ज्या रात्री जेवायला काय करावं सुचत नाही त्या रात्री पिठलं, ज्वारीची एक भाकरी आणि कांदा, याच्यासारखं आहाराचं जेवण मला कुठल्या तक्त्यात सापडलेलं नाही. थालीपिठात किसलेली काकडी किंवा दुधी घातला की भाजणी कमी लागते आणि ते मऊही राहतं. थालीपिठाला भोकं पाडतो ती तेल आतपर्यंत पोचावं म्हणून. तेव्हा कडेने धार सोडू नका, प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब सोडा आणि झाकण ठेवा.

तर्री आणि तळण

मिसळीत मटकीची उसळ ही खरं तर वजन उतरवणाऱ्याची मैत्रीण. अडचण असते तिच्या वर आणि खाली. तर्री, फरसाण, पाव. तर्रीचा लाल तवंग तेलाशिवाय येणारच नाही, कारण मिरचीचा रंग तेलातच उतरतो. मग कट कमी तेलात शिजवा, भाजलेला कांदा, थोडं खोबरं आणि डाळं वाटून. दोन चमचे तेल राखून ठेवा, ते कढल्यात गरम करून गॅस बंद केल्यावर त्यात ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचं तिखट घाला आणि ही तर्री वेगळ्या वाटीत टेबलावर ठेवा. ज्याला वजनाची चिंता नाही तो दोन चमचे घेईल, तुम्ही अर्धा घ्या. एकाच घरात दोन स्वयंपाक करायला लावणारं डाएट टिकत नाही, आणि त्याचा भार बहुतेक वेळा एकाच बाईवर पडतो. वाढत्या मुलांना आणि कृश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना हलकं जेवण नकोच असतं. म्हणून मूळ पदार्थ साधा ठेवून वरचं वेगळं वाढणं हा मला सगळ्यात माणुसकीचा मार्ग वाटतो. फरसाण मूठभर न घेता चमचाभर घ्या आणि अगदी खाताना घाला, म्हणजे कुरकुरीत राहतं. एका पावात साधारण शंभर कॅलरी असतात, हे लक्षात ठेवून तिसऱ्या पावाकडे हात न्या.

तळणाबद्दल एक गोष्ट समजली की बरंच सोपं होतं. गरम तेलात असताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. बरंचसं तेल आत शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर काढल्याबरोबर कढईवरच नीट निथळायचं आणि गरम असतानाच कागदावर ठेवायचं. गार झाल्यावर कागदावर ठेवून काही मिळत नाही. तेल कमी तापलेलं असेल तर पदार्थ जास्त वेळ आत राहतो आणि जास्त तेलकट होतो. भज्यांच्या पिठात सोडा घातला की ते जाळीदार होतं आणि तेलही जास्त पितं.

आप्पेपात्रात केलेला बटाटेवडा चांगला लागतो, पण तो वडा नव्हे, बेसन लावलेली बटाट्याची गोळी आहे. ज्यांना चालते त्यांनी खुशाल करावी. मला विचाराल तर आपल्याकडे जे मुळातच आधी उकडतात ते पदार्थ घ्यावेत. कोथिंबीर वडी, अळूवडी, मुटके. त्यांचं शिजणं वाफेवर झालेलं असतं, तळण फक्त वरच्या कुरकुरीतपणासाठी. तोच कुरकुरीतपणा तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून मिळतो आणि चवीत तडजोड करावी लागत नाही.

तेल कमी केल्यावर हात मिठाकडे जातो, त्याला आवर घाला. चव उचलायला आमसूल, चिंच, लिंबू, भाजलेलं जिरं आहे. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवणातलं प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण साखर अचानक खाली जाऊ शकते.

गोडाला हात लावावा का?

गूळ घातला म्हणजे हलकं, हा समज घराघरात आहे. साखर आणि गूळ, दोन्हींत शंभर ग्रॅमला चारशेच्या जवळपासच कॅलरी. गुळाची चव आणि रंग वेगळा, वजनाच्या काट्याला मात्र दोघे सारखेच.

घरच्या श्रीखंडात चक्का आणि साखर बऱ्याचदा समसमान असते. साखर तिथे नुसती गोडी देत नाही, चक्का सैल करून त्याला ती तुकतुकीत झाक आणते. शंभराला साठ साखर घ्यायची तर दही ताजं, गोडसर हवं, नाहीतर आंबटपणा पुढे येतो. पण हिशोब केला तर वाटीमागे तीस-चाळीस कॅलरीच वाचतात, कारण साखरेच्या जागी चक्का येतो. त्यापेक्षा वाटी लहान घेतली तर जास्त फरक पडतो.

पुरणपोळीचंही हेच गणित. मध्यम पोळीत तीस ग्रॅम हरभरा डाळ, तेवढाच गूळ, तेवढीच कणीक धरली तर सव्वातीनशे कॅलरी. गूळ पाव हिश्शाने कमी केला तर एका पोळीमागे अठ्ठावीस कॅलरी वाचतात. अठ्ठावीस कॅलरींसाठी पुरणाची चव घालवायची? मी तिला हात लावत नाही. गूळ पुरता, जायफळ-वेलची पुरती, वर मोजून एक चमचा साजूक तूप. आधी कटाची आमटी दोन वाट्या प्यायची. पुरणाच्या डाळीचं पाणीच ते, मसाल्याचं, आंबटगोड, पोट निम्मं तिथेच भरतं. मग पोळी एक, अगदी हळूहळू, आणि दुसरी हवीशी वाटली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर गरम करून, चहाऐवजी दुधाबरोबर. शिळी पुरणपोळी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, हे तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.